खिदमतीची दोन पथके : मुंबई बंदर, १९१२ आणि १९३८



गेल्या वर्षीची पालक सभा आटोपल्यावर अंधेरीहून येणारे एक गृहस्थ माझ्यापाशी थांबले. त्यांची थोरली मुलगी आपल्याच शाळेतून शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाली, पुढे पदवीधर झाली आणि एका कचेरीत नोकरीला लागली. तिच्या विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांचे एक पथक सार्वजनिक आरोग्याच्या कामासाठी सहा आठवडे नेपाळला जाणार होते आणि त्यात तिचे नाव आले होते. वडील गोंधळून गेले होते. ते म्हणाले, "सर, ही सेवा म्हणायची, शिक्षण म्हणायचे की सहल? मुलगी डॉक्टर नाही, परिचारिका नाही. परक्या मुलखात जाऊन ती आजाऱ्यांचे काय भले करणार? आणि सेवाच करायची तर ती आपल्या वस्तीत का नको?"

प्रश्न रास्त होता. मी उभ्या उभ्या दोन-चार वाक्ये बोललो, पण त्यांचे समाधान झाले नाही आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला एक खोड असते. आजचा प्रश्न समोर आला की तो मागच्या काळात कोणाला पडला होता का, हे तो शोधू लागतो. या स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा त्या गृहस्थांना अर्धवट दिलेले उत्तर पुरे करावे असे मनात आले. ते उत्तर दोन जहाजांच्या प्रवासात आहे आणि ती दोन्ही जहाजे आपल्या मुंबई बंदरातूनच निघाली होती.

मात्र आपण परदेशी जाऊन कोणाची सेवा केली हे सांगण्याआधी आपल्याकडे कोण आले होते त्याची आठवण ठेवणे बरे. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. माणसे पटापट मरू लागली, गिरण्या ओस पडल्या, ज्याला जमले तो शहर सोडून साष्टीतल्या गावांकडे निघाला. आपली आजची उपनगरे तेव्हा भातखाचरांची आणि वाड्यांची गावे होती. त्या वर्षी वाल्देमार हाफकिन नावाचा शास्त्रज्ञ मुंबईत आला. तो जन्माने ओडेसाचा यहुदी, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेला. ग्रँट मेडिकल कॉलेजातील तुटपुंज्या जागेत त्याने प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. लोक लशीला प्लेगइतकेच भीत होते. अशा वेळी आगाखान तिसरे, जे तेव्हा विशीच्या आतले तरुण होते, त्यांनी हाफकिनला कामासाठी आपला खुश्रू लॉज हा बंगला दिला आणि स्वतः लस टोचून घेतली. मुंबईतील खोजा जमातीच्या सुमारे निम्म्या लोकांनी, म्हणजे दहा-बारा हजार माणसांनी, मग लस घेतली. हाफकिनची प्रयोगशाळा पुढे परळला गेली आणि त्याचे नाव त्या संस्थेला मिळाले, ते आजही आहे.

एका परक्या माणसाने आपले घरदार सोडून आपल्या गल्लीत येऊन हे काम केले. त्याच्याजवळ विद्या होती, पण लोकांचा विश्वास नव्हता. तो विश्वास जमातीतल्या माणसांनी मिळवून दिला. ही गोष्ट ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

आता पहिले जहाज.

ऑक्टोबर १९१२ मध्ये बाल्कन युद्ध सुरू झाले. बल्गेरिया, सर्बिया, ग्रीस आणि माँटेनेग्रो या चार राज्यांनी मिळून तुर्कस्तानवर चढाई केली. तुर्की सैन्य एकामागून एक लढाया हरत कॉन्स्टँटिनोपलच्या, म्हणजे आजच्या इस्तंबूलच्या, जवळ चताल्जा येथील बचावाच्या रांगेपर्यंत मागे आले. शत्रूच्या तोफांपेक्षा मोठा शत्रू तिथे आधीच पोहोचला होता. तो म्हणजे कॉलरा. हजारो थकलेले शिपाई एका जागी दाटीने राहिलेले, शौचाची सोय नाही, पिण्याचे पाणी आणि सांडपाणी एकच झालेले. कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉख याने १८८३ साली इजिप्तमध्ये पाहिला आणि पुढच्या वर्षी कलकत्त्यात त्याची खात्री करून घेतली. म्हणजे रोग पाण्यातून पसरतो हे १९१२ साली विज्ञानाला चांगले ठाऊक होते. पण ठाऊक असणे वेगळे आणि छावणीत पाणी उकळून देणारा माणूस हजर असणे वेगळे. कॉलऱ्याने पछाडलेले शिपाई राजधानीत इतके आले की आयासोफियाच्या भव्य मशिदीतही त्यांना आणून ठेवावे लागले.

हिंदुस्थानात या बातम्या पोहोचल्या तेव्हा मुसलमान समाजात खळबळ उडाली. मौलाना मोहम्मद अली यांनी आपल्या 'कॉम्रेड' या इंग्रजी पत्रातून मदतीची हाक दिली. ते आणि त्यांचे वडीलबंधू शौकत अली हे दोघेही अलीगढचे माजी विद्यार्थी, आणि या कामात अलीगढची मंडळी पुढे होती हा योगायोग नव्हता. पैसा गोळा झाला, स्त्रियांनी अंगावरचे दागिने दिले. पण मोहम्मद अलींना नुसता पैसा पाठवायचा नव्हता, माणसे पाठवायची होती. पथकाचे नेतृत्व डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांच्याकडे आले. अन्सारी १८८० साली गाझीपूर जिल्ह्यातील युसुफपूरला जन्मलेले, एडिंबरो येथे उच्च वैद्यकीय पदव्या घेतलेले आणि लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात काम केलेले नामांकित शल्यविशारद होते. दिल्लीत नुकताच त्यांचा जम बसत होता. असा माणूस चालता दवाखाना बंद करून निघाला.

डिसेंबर १९१२ मध्ये हे पथक मुंबईहून बोटीने रवाना झाले. त्यात डॉक्टर होते हे तर झालेच. पण आपल्या दृष्टीने त्यातली दुसरी मंडळी अधिक महत्त्वाची आहेत. चौधरी खलिकुज्जमान, शुएब कुरेशी, अब्दुर रहमान सिद्दिकी, अब्दुर रहमान पेशावरी हे अलीगढचे तरुण. यांच्यातला एकही डॉक्टर नव्हता. कोणी बी. ए.च्या वर्गात शिकत होता, तर कोणी शिक्षण अर्धे सोडून आला होता. अब्दुर रहमान पेशावरी याने तर प्रवासाच्या खर्चासाठी आपले सामानसुमान विकले असे सांगतात. अंधेरीच्या त्या गृहस्थांचा प्रश्न या मुलांच्या वडिलांनीही विचारला असेलच. अरे बाबा, तू ना डॉक्टर ना वैद्य, तिकडे जाऊन करणार काय?

त्यांनी केले ते असे. मलमपट्टी करणारे आणि रुग्णांची शुश्रूषा करणारे म्हणून ते पथकात घेतले गेले होते. चताल्जाच्या रांगेमागे ओमेर्ली या गावी पथकाने आपले रुग्णालय थाटले आणि पुढे दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीवर चनक्काले येथेही काम केले. पथक पोहोचले तेव्हा तात्पुरता युद्धविराम होता. फेब्रुवारी १९१३ मध्ये लढाई पुन्हा पेटली आणि मार्चच्या अखेरीस एदिर्ने हे मोठे शहर पडले. म्हणजे या मुलांना दोन्ही अनुभव मिळाले, आधी साथीचा आणि मग जखमींचा. डॉक्टर शस्त्रक्रिया करतो त्याला एक तास लागतो. पण तो रुग्ण त्यानंतर वीस-पंचवीस दिवस खाटेवर पडून असतो. त्याची पट्टी रोज बदलायची, अंथरूण स्वच्छ ठेवायचे, त्याला वेळेवर पाणी पाजायचे, ताप पाहून लिहून ठेवायचा, हे सगळे कोणी करायचे? रुग्णालय म्हणजे डॉक्टर अशी आपली समजूत असते. ज्याने कोणाची शुश्रूषा केली आहे त्याला विचारा, तो वेगळे सांगेल.

डॉ. अन्सारी तिथून पत्रे लिहीत आणि ती 'कॉम्रेड'मध्ये छापली जात. इकडे लोकांना आपल्या पैशाचे काय झाले ते कळत राही. आमच्यासारख्या सार्वजनिक वर्गण्यांच्या मंडळींनी ही पद्धत जरूर उचलावी! युद्धामुळे देशोधडीला लागलेल्या निर्वासित कुटुंबांची वस्ती अनातोलियात वसवावी अशी योजनाही पथकाने हाती घेतली. जखमींवर उपचार करायला गेलेल्या माणसांना बेघर बायका-मुले दिसली आणि कामाचा विचार रुग्णालयाच्या भिंतीबाहेर गेला. सार्वजनिक आरोग्य म्हणतात ते हेच. आजार झाल्यावर औषध देणे हा वैद्यकाचा भाग. माणसाला राहायला जागा आणि प्यायला पाणी कसे मिळते हे पाहणे हा त्याच्या अलीकडचा भाग.

जुलै १९१३ मध्ये पथक परतले आणि त्यांचे मोठे स्वागत झाले. एका पथकाने हजारो शिपायांचे प्राण वाचवले असे मात्र मी तुम्हाला सांगणार नाही. स्मरणिकांतून आणि भाषणांतून असे फुगवून सांगण्याची आपल्याकडे सवय आहे. युद्ध अफाट होते, पथक दोन डझनांच्या आसपास माणसांचे, मुक्काम जेमतेम सहा महिन्यांचा. तुर्की भाषा त्यांना येत नव्हती. तुर्कस्तान ते युद्ध हरलाच. मग मिळवले काय?

त्यासाठी ही माणसे पुढे काय झाली ते पाहावे लागते. डॉ. अन्सारी गेले तेव्हा दिल्लीतील एक यशस्वी डॉक्टर होते. परत आले ते सार्वजनिक जीवनातले होऊन. १९२० साली जामिया मिलिया इस्लामिया स्थापन झाली तिच्या संस्थापकांत ते होते, आणि हकीम अजमल खान यांच्या निधनानंतर १९२८ पासून १९३६ मध्ये स्वतःचा अंत होईपर्यंत ते तिचे कुलपती राहिले. १९२७ च्या मद्रास काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. शुएब कुरेशी १९२२ मध्ये गांधीजी तुरुंगात गेल्यावर त्यांच्या 'यंग इंडिया'चे संपादन पाहू लागले. खलिकुज्जमान मुस्लिम लीगचे मोठे पुढारी झाले आणि फाळणीनंतर पाकिस्तानात गेले. अब्दुर रहमान पेशावरी तर परतलेच नाहीत. ते तुर्की सैन्यात शिरले, १९२० मध्ये अनातोलिया वृत्तसंस्थेच्या सुरुवातीच्या कामात होते, अफगाणिस्तानात नव्या तुर्कस्तानचे पहिले राजदूत झाले आणि १९२५ साली इस्तंबूलमध्ये गोळी लागून मरण पावले. शुश्रूषेसाठी गेलेल्या तरुणाने बंदूक हाती घेतली, हे मला वैयक्तिकरीत्या रुचत नाही. पण सहा महिन्यांच्या त्या कामाने त्याचे सारे आयुष्य वळवले, हे नाकारता येत नाही.

या सगळ्यांच्या वाटा पुढे फुटल्या, काहींच्या तर एकमेकांविरुद्ध गेल्या. एका रुग्णालयात काम केले म्हणून सर्वांची मते एक होत नाहीत. विद्यार्थ्यांनी हेही समजून घ्यावे.

या पथकाला एक सोय होती, तीही नमूद करतो. तुर्कस्तानशी हिंदी मुसलमानांचे मनाचे नाते आधीपासून होते. भाषा येत नसली तरी सलाम कळत होता, नमाजाची वेळ एक होती. जिथे असे कोणतेच नाते नाही तिथे काय होते? त्यासाठी दुसऱ्या जहाजाकडे जावे लागेल. मध्ये पंचवीस वर्षे गेली.

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चीनच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. १९३८ साली सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी आवाहन केले, लोकांकडून बावीस हजार रुपयांचा निधी जमला आणि पाच डॉक्टरांचे पथक ठरले. अलाहाबादचे डॉ. मदन मोहनलाल अटल प्रमुख. ते स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले. नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर वयाने वडील. कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी. आणि पाचवे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस, वय वर्षे सत्तावीस, आपल्या परळच्या शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी.

पालकांनी येथे थोडे थांबावे. कोटणिसांचे घर श्रीमंताचे नव्हते. आई-वडील, तीन भाऊ, पाच बहिणी. मुलगा डॉक्टर झाला, आता पदव्युत्तर अभ्यास करील, मग घराला हातभार लागेल, असा साधा हिशेब कोणत्याही घरात असतो. त्याच वेळी मुलाचे पत्र आले की मी चीनला जाऊ का? वडिलांनी उत्तेजन दिले. आईला वाईट वाटले. त्यांच्या बहिणीने पुढे सांगितले आहे की चीनबद्दल घरात माहिती अशी काहीच नव्हती, चिनी रेशीम विकायला लोक येत तेवढीच ओळख. परवानगी देणाऱ्या वडिलांची आणि मुलाची पुन्हा भेट झाली नाही. मुलगा चीनमध्ये असतानाच वडील वारल्याची बातमी त्याला कळली. तो परत निघाला असता तर त्याला कोणी बोल लावला नसता. तो पुढे गेला. त्याने बरोबर केले का, हे मी ठरवू शकत नाही. वर्गात हा प्रसंग सांगितला की मुले दोन बाजूंना वाटली जातात, आणि मी त्यांना वाटली जाऊ देतो.

१ सप्टेंबर १९३८ रोजी 'राजपुताना' या बोटीने पथक मुंबईहून निघाले. (ही बोट पुढे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आरमाराने घेतली आणि १९४१ मध्ये जर्मन पाणबुडीने बुडवली.) चीनमध्ये त्यांनी आधी हँकौ भागात जखमींची सेवा केली. शहरे एकेक करून पडत होती, त्यामुळे रुग्णालय मांडायचे आणि उठवायचे हे सारखे चालले होते. फेब्रुवारी १९३९ मध्ये ते उत्तरेकडील येनानला पोहोचले. तिथे माणसे डोंगरात खोदलेल्या गुहांत राहत होती.

त्या पाचही जणांना चिनी नावे मिळाली आणि प्रत्येक नावाच्या शेवटी 'हुआ' हे अक्षर जोडले गेले. 'हुआ' म्हणजे चीन. कोटणीस झाले 'के दिहुआ'. नाव घेणे सोपे असते, भाषा घेणे कठीण. कोटणिसांनी चिनी भाषा बोलायला आणि वाचायला शिकून घेतली आणि पुढे ते तिथल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना चिनीतून शिकवू लागले. माझ्या मते त्यांच्या सगळ्या कर्तबगारीत ही गोष्ट सर्वांत मोठी आहे, शस्त्रक्रियांहूनही मोठी. १९४० च्या एका मोठ्या लढाईत त्यांनी सलग बहात्तर तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या आणि त्या लढाईत आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले, असे नमूद आहे. ऐकून आपण थक्क होतो. पण डॉक्टर एकटा किती रात्री जागणार? त्याने शिकवलेली मुले त्याच्यामागे काम करीत राहतात. कोटणिसांनी शिकवण्यासाठी शस्त्रक्रियेवर पाठ्यपुस्तकही लिहिले, दुसरे लिहायला घेतले, ते अपुरे राहिले.

याच भागात त्यांच्या आधी नॉर्मन बेथ्यून नावाचे कॅनडाचे सर्जन काम करीत होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन नोव्हेंबर १९३९ मध्ये त्यांचा अंत झाला. त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक म्हणून १९४१ साली सोलापूरच्या या तरुणाची नेमणूक झाली. औषधांचा तुटवडा होता, कारण जपान्यांची नाकेबंदी होती. आज आपण कोपऱ्यावरच्या दुकानातून जी साधी औषधे आणतो ती तिथे सोन्यासारखी जपून वापरावी लागत.

बाकीचे चौघे टप्प्याटप्प्याने परतले, चोळकर आणि मुखर्जी आधी, मग अटल, आणि १९४३ मध्ये बसू. परतणाऱ्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. ठरल्या मुदतीचे काम करून, प्रकृती सांभाळून घरी येणे यातही शिस्त आहे. कोटणीस मात्र राहिले. तिथल्या कम्युनिस्ट पक्षाचे ते सभासद झाले. परिचारिकांना शिकवणाऱ्या कुओ छिंगलान यांच्याशी त्यांचा डिसेंबर १९४१ मध्ये विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचे नाव 'यिनहुआ' ठेवले. 'यिन' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन. त्याच वर्षी ९ डिसेंबरला अपस्माराच्या झटक्यांनी डॉ. कोटणिसांचे निधन झाले. वय बत्तीस. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. तोही मोठेपणी वैद्यक शिकू लागला, पण शिक्षण पुरे होण्याआधीच १९६७ मध्ये वारला. कुओ छिंगलान दीर्घायुषी होत्या, त्या २०१२ मध्ये वारल्या.

१९६२ साली या दोन देशांत युद्ध झाले, त्यानंतरही सीमेवर तणातणी झाल्या. पण चीनमधील डॉ. कोटणिसांच्या स्मारकावर फुले वाहणे थांबले नाही आणि चीनचे नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबीयांना भेटत आले आहेत. सोलापूरच्या त्यांच्या घराचेही आता स्मारक झाले आहे. शाळेची सहल सोलापूरला गेली तर केवळ किल्ला पाहून परतू नये.

ही हकीकत आपल्या घरोघरी पोहोचली कशी, हेही सांगायला हवे, कारण त्यात आपल्या उपनगराचा वाटा आहे. ख्वाजा अहमद अब्बास हे लेखक पानिपतचे, कवी हाली यांचे पणतू आणि अलीगढचे पदवीधर. ते मुंबईत पत्रकार म्हणून आले आणि त्यांचे वास्तव्य पुढे जुहूला होते. १९८७ मध्ये ते वारले. कोटणीस गेल्यावर दोनच वर्षांनी, १९४४ साली, त्यांनी 'आणि एक परत आला नाही' अशा अर्थाच्या नावाचे इंग्रजी पुस्तक लिहिले. त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला, त्याची पटकथा अब्बास आणि व्ही. पी. साठे यांनी मिळून लिहिली, आणि कोटणिसांची भूमिका शांतारामांनी स्वतः केली. १९१२ च्या पथकातली मुले ज्या अलीगढची, त्याच अलीगढच्या एका माजी विद्यार्थ्याने १९३८ च्या पथकाची कथा देशाला सांगितली. आपल्या मुलांपैकी कोणाला रक्त पाहून चक्कर येत असेल तर त्याने लेखणी धरावी. तेही काम आहे.

आता "सेवा आपल्या वस्तीत का नको?" या प्रश्नाकडे येतो. हवीच. मी शाळेत असताना पल्स पोलिओच्या रविवारी आम्हा मुलांना बूथवर मदतीला पाठवत. १९९५ मध्ये सुरू झालेल्या त्या मोहिमेला काही मोहल्ल्यांत दारे बंद होत. या थेंबांनी पुढे मुले होत नाहीत, असली अफवा होती. बूथवरचे डॉक्टर समजावून थकत आणि मग मशिदीतून घोषणा झाली किंवा शेजारची एखादी खाला स्वतःचे नातवंड कडेवर घेऊन आली की दारे उघडत. देशातला शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ मधला, आणि मार्च २०१४ मध्ये आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. खुश्रू लॉजची गोष्ट मला त्या बूथवर उभे असताना माहीत नव्हती. पुढे वाचली तेव्हा ती ओळखीची वाटली.

पण परक्या मुलखात एक गोष्ट घडते ती घरी घडत नाही. घरी आपल्याला सगळे ठाऊक असते, निदान तसे वाटते. परक्या गावी विहीर कुठे आहे इथपासून विचारावे लागते. अन्सारींच्या मुलांना आणि कोटणिसांना हे विचारावे लागले. कोटणिसांनी ते चिनी भाषेत विचारले.

त्या गृहस्थांची मुलगी अखेर गेली. परतल्यावर शाळेत भेटायला आली तेव्हा मी विचारले, काय काम केले? ती म्हणाली, "सर, पहिले पंधरा दिवस आम्ही फक्त घरे मोजली. कोणत्या घरात पाणी कुठून येते, उकळतात की नाही, घरात कोणाला जुलाब झाले, एवढेच वहीत लिहायचे. गावातली एक मुलगी आमच्याबरोबर असायची, तिच्याशिवाय कोणी बोलायचेच नाही." तिने ती वहीही दाखवली. रकाने हाताने आखलेले, काही नावे खोडून पुन्हा लिहिलेली, शेवटच्या पानांवर नेपाळी शब्द आणि त्यांचे मराठी-हिंदी अर्थ. मधल्या काही आठवड्यांत पाण्याच्या टाक्या धुतल्या आणि झाकणे बसवली, असेही तिने सांगितले.

वडील बरोबर आले होते. त्यांची तक्रार एकच होती, की एवढ्या लांब जाऊन आली आणि हिमालयाचा एक धड फोटो आणला नाही. वही मात्र ते पुन्हा पुन्हा चाळत होते, आणि निघताना त्यांनी तिला विचारले की आपल्या चाळीच्या गच्चीवरच्या टाकीला झाकण आहे का.